एकेचाळिसावा नियम

"पियुष, हे पाठवू नकोस. यात डेटाबेस जातोय," हेमांगी म्हणाली.

पियुष खुर्चीवरून न उठता खुर्चीसकट तिच्या टेबलापाशी सरकला. सकाळचे साडेदहा झाले होते. धुळ्यात देवपुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात अजून निम्मी माणसं यायची होती. पियुषने स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाला, की टूलने तर सगळं हिरवं दाखवलंय, एकही चूक निघाली नाही.

"टूल शुद्धलेखन बघतं रे. अर्थ आपल्याला बघावा लागतो."

तिने स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पियुषने फक्त डेटाबेसचं नाव बदललं होतं. जुनं नाव ओबडधोबड होतं, ते त्याने नीट केलं, एवढंच. पण नाव बदलणं ही गोष्ट क्लाउडला कळत नाही. त्याला वाटतं, जुना डेटाबेस नको झाला आणि नवा हवाय. तो जुना पाडतो आणि त्या जागी नवाकोरा, रिकामा उभा करतो. काय नवं होणार, काय बदलणार आणि काय नष्ट होणार याची यादी यंत्र आधी काढून देतं. तिला सगळे प्लॅन म्हणत. त्या यादीत एकशे ऐंशी ओळींच्या खाली ते लिहिलेलं होतं: एक नष्ट, एक नवा.

पियुष सात वर्षं हे काम करत होता, रावेरला घरी त्याला दोन वर्षांची मुलगी होती, म्हणजे पोरसवदा मुळीच नव्हता. तरी त्याचा चेहरा क्षणभर उतरला. एका दूध डेअरीचा तीन वर्षांचा हिशेब त्या डेटाबेसमध्ये होता. त्याने जुनं नाव परत टाकलं. हेमांगीने प्लॅन पुन्हा काढला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मग शेवटी दोन शब्द टाईप केले: तपासले, हेमांगी.

हेच तिचं काम होतं. पूर्वी सर्व्हर म्हणजे खोलीतलं पेटाऱ्यासारखं यंत्र असे. आता यंत्र दूर कुठेतरी असतं आणि आपण ते कसं उभं राहावं ते फाईलीत लिहून द्यायचं. किती मोठा सर्व्हर, कुठला डेटाबेस, कुणाला आत येऊ द्यायचं, कुणाला नाही. त्या फाईलीला टेम्प्लेट म्हणतात. घराच्या नकाशासारखीच ती, फरक इतकाच की नकाशा दिल्याबरोबर चार मिनिटांत घर उभं राहतं, आणि नकाशात चूक असेल तर तितक्याच वेळात राहतं घर पडतं. गवंडी विचारायला येत नाही. म्हणून चौदा माणसांच्या त्या कंपनीत कुठलीही टेम्प्लेट हेमांगीच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे.

ती इंजिनियर नव्हती. साक्रीला तिने चौदा वर्षं कॉम्प्युटरचे क्लास चालवले. एमएस-सीआयटीच्या बॅचमागून बॅच तिच्या हाताखालून गेल्या. तलाठी झालेले, शिक्षिका झालेल्या, दुकानावर बसणारे, सगळे तिला मॅडम म्हणत. पुढे क्लासला मुलं येईनाशी झाली, मगनची, तिच्या नवऱ्याची, बदली एसटीच्या धुळ्याच्या कार्यशाळेत झाली, आणि तीही इथे आली. सुरुवातीला ती नुसती फॉर्म भरून बघायची, चालतात की नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही बाई जे वाचते ते खरंच वाचते. तेव्हापासून टेम्प्लेटी तिच्याकडे यायला लागल्या.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला समाधानने तिला आत बोलावलं. कंपनी त्याची. हेमांगीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पुण्यात नोकरी करून गावाकडे परतलेला. त्याने आधी खुर्ची दिली, मग चहा सांगितला, तेव्हाच तिला कळलं की बोलणं साधं नाही. पुण्याचं एक मोठं काम मिळत होतं. त्यांची अट होती की टेम्प्लेट तपासणं माणसावर ठेवायचं नाही. नियम लिहून यंत्राला द्यायचे, आणि नियम मोडला की यंत्रानेच फाईल अडवायची.

"तुमच्या डोक्यात जे जे आहे ना ताई, ते सगळं मला लिहून द्या. एकही सोडू नका."

"देते. आणि मग मी काय करू?"

समाधानने उडवाउडवी केली नाही. पहिल्या तारखेपासून ग्राहकांचे फोन घ्यायला कुणीतरी जाणतं माणूस हवंच होतं, ते तिने बघावं, असं त्याने सांगितलं. पगार तोच. सांगताना मात्र तो खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघत होता. हेमांगीने चहा संपवला आणि दोन आठवडे लागतील म्हणाली.

बाहेर आल्यावर पियुषने विचारलं, तेव्हा तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, दोन-चार नियम हातचे राखा ताई, सगळं दिलंत तर तुमच्याजवळ काय उरलं? ती हसली. तिच्या मनात तो विचार आला नव्हता असं नाही. पण शिकवण्यात उमेदीची चौदा वर्षं गेलेल्या माणसाला अर्धवट सांगणं जमत नाही.

तिने नियम लिहायला घेतले. दोन रकाने केले. डावीकडे नियम, उजवीकडे तो कशामुळे. यंत्राला उजव्या रकान्याचा काही उपयोग नव्हता, पण माणसांना होता. डेटाबेसचं दार साऱ्या जगाला उघडं ठेवू नये: एका पतसंस्थेचं तसं राहिलं होतं, अडीच तास. चाचणीपुरता उभा केलेला सर्व्हर कधी बंद करायचा ते फाईलीतच लिहावं: एक सर्व्हर वर्षभर कुणासाठीच चालत राहिला होता. नाव बदललं की प्लॅन दोघांनी वाचावा: हा तर ताजाच होता, पियुषचा. लिहिताना तिला मजा येत होती. गेल्या नऊ वर्षांत आपण काय केलं ते तिने प्रथमच कागदावर पाहिलं. घडलेलं काहीच दिसत नव्हतं. न घडलेल्या गोष्टींचीच ती यादी होती.

बुधवारपर्यंत चाळीस नियम झाले. एकेचाळिसावा तिने डावीकडे लिहिला: डेटाबेस नष्ट होण्याआधी त्याची शेवटची प्रत घेतलीच पाहिजे, 'प्रत नको' असं लिहिलेली टेम्प्लेट पुढे जाऊ देऊ नये. उजव्या रकान्यात तिने ठिपका दिला आणि ती थांबली. दुपारभर तो रकाना तसाच राहिला, गुरुवारीही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. साक्री आणि शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांमध्ये सिकलसेलच्या मुलांसाठी काम करणारा एक ट्रस्ट होता. कुठल्या मुलाला आजार आहे, रक्तगट कुठला, रक्त कधी चढवलं, कुठलं औषध सोसत नाही, ही सगळी नोंदवही कंपनीने क्लाउडवर नेली होती. ते काम ललितकडे होतं. ललित साक्रीजवळच्या खेड्यातला, हेमांगीच्याच क्लासचा विद्यार्थी. कंपनीत त्याला तिनेच आणलं होतं.

एका शुक्रवारी त्याने टेम्प्लेट तिच्याकडे तपासायला दिली. तिला पाचची साक्रीची बस गाठायची होती, मामेबहिणीच्या हळदीला. टूलने हिरवं दाखवलं होतं. प्लॅन तिने उघडलाच नाही. 'तपासले, हेमांगी' असं लिहून ती जिना उतरली. त्या टेम्प्लेटमध्ये चाचणीच्या वेळची एक ओळ राहून गेली होती: शेवटची प्रत नको. ललितने फाईल पाठवली, जुना डेटाबेस पाडून नवा रिकामा उभा राहिला, आणि जुन्याबरोबर त्याच्या रोजच्या प्रतीही गेल्या. चारशे बारा मुलांच्या नोंदी.

सोमवारी ट्रस्टच्या लोकांसमोर समाधानने दोघांना विचारलं. ललित म्हणाला, मी मॅडमकडून तपासून घेतलं होतं. सगळ्यांनी हेमांगीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी दुपारी पाहिली तेव्हा बरोबर होती. संध्याकाळी त्याने परत उघडली असेल."

'असेल' एवढाच शब्द. खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं, तो शब्द तोंडातून निघाला आणि तिला वाचवून गेला. फाईल कुणी कधी उघडली याची नोंद त्याच यंत्रात होती. पण हेमांगीच्या शब्दावर कुणाला ती बघावीशी वाटली नाही. ललित तिच्याकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, उघडली असेन. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. ट्रस्टच्या नर्सबाया पाड्यापाड्यांवर फिरून मुलांची तपासणीची पिवळी कार्डं गोळा करत राहिल्या, नऊ आठवडे. ज्यांची कार्डं हरवली होती अशा एकोणतीस मुलांना पुन्हा सुई टोचावी लागली. तो आकडा हेमांगी विसरली नव्हती. त्यानंतर तिने एकही प्लॅन न वाचता सोडला नाही. ऑफिसातले नवे लोक तिच्या काटेकोरपणाचं कौतुक करत, तेव्हा ती विषय बदलत असे.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू, भिकुबाई, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हेमांगी शेजारी बसून सोलायला लागली. 

"काय व्हयनं व बाई? दोन दिन व्हयनात, तू गप गप शे," भिकुबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

हेमांगीने सांगितलं. डेटाबेस, टेम्प्लेट हे सगळं वगळून सांगितलं तर गोष्ट फारच लहान होती. आपली चूक होती, ती एका पोराच्या अंगावर गेली, आणि आपण जाऊ दिली. भिकुबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली.

"त्या पोऱ्याले माहीत शे का?"

"नाही आई."

"मंग आठे बशीसन काय करी राहिनी तू?"

भिकुबाई उठल्या. दाण्यांचं ताट उचलून आत गेल्या.

शुक्रवारी हेमांगी लवकर ऑफिसला गेली आणि तिने सहा वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारची नोंद शोधून काढली. तिला ती सापडणार हे माहीत होतं, तरी तिने एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ललितने फाईल दिली. चार अठरा, तपासले, हेमांगी. चार बावीस, फाईल पाठवली. मध्ये कुणीही ती उघडली नव्हती. तिने एकेचाळिसाव्या नियमाचा उजवा रकाना भरला, तारखेसकट, स्वतःच्या नावासकट. मग त्या घटनेवर कंपनीने तेव्हा लिहिलेला अहवाल काढून दुरुस्त केला आणि दोन्ही कागद समाधानपुढे ठेवले.

समाधानने दोनदा वाचलं. मग म्हणाला, नियम राहू द्या, कारण कशाला लिहिता? आता ते उकरून कुणाचं भलं होणार?

"कारण नसलं तर दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, हा नियम कशाला अडचण करतोय. आणि काढून टाकेल."

"ट्रस्ट अजून आपल्याकडे आहे, ताई."

"म्हणून तर. त्यांनाही हा अहवाल गेला पाहिजे. आणि ललितला मी स्वतः देणार आहे."

समाधानने अहवाल स्वतःकडे ओढला. त्याने पेन उघडलं, बंद केलं. ट्रस्टला मीच सांगितलं होतं, की चूक करणारा मुलगा आता आमच्याकडे नाही, असं तो म्हणाला. नोंद बघायला मला दोन मिनिटं लागली असती, मीही बघितली नाही. एवढं बोलून त्याने दुरुस्त अहवालाच्या खाली सही केली, तिच्या सहीच्या शेजारी. तिला वाटलं होतं तो रागावेल. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ललितचा नंबर तिने साक्रीच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून मिळवला. फोनवर तिचा आवाज ओळखून तो आनंदला. नरडाण्याला एमआयडीसीत सरकीच्या तेलाच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो म्हणाला, या ना मॅडम, शनिवारी मी असतोच. कशासाठी ते त्याने विचारलं नाही.

शनिवारी ती शिरपूरच्या बसमध्ये बसली. सोनगीरला बस थांबली, पितळेच्या हंड्यांची दोन गाठोडी टपावर चढली, एक म्हातारी तिच्या शेजारी येऊन बसली आणि लगेच झोपली. काय बोलायचं ते हेमांगी मनातल्या मनात जुळवत होती. दर खेपेला वाक्य लांबत जाई. नरडाणा फाट्याला उतरली तेव्हा तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं, फक्त दुरुस्त अहवालाचा कागद होता.

काट्याची खोली छोटी होती. एक कॉम्प्युटर, एक पंखा, खिडकीतून दिसणारा लोखंडी चौथरा आणि त्यापलीकडे ट्रकांची रांग. ललितचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्याने आपली खुर्ची रुमालाने पुसून तिला दिली आणि स्वतः स्टुलावर बसला. मुलगी पाचवीत आहे आणि बायको मोहिनी आता अंगणवाडीत मदतनीस आहे, हे सगळं तो सांगत होता. त्याचं बोलणं तसंच होतं, मऊ आणि सावकाश. हेमांगीने त्याला मध्येच थांबवलं आणि कागद दिला.

"आधी हे वाच. मग तुला काय बोलायचं ते मला बोल."

तो वाचायला लागला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. त्याने कागद उलटा ठेवला, खिडकीतून हात दाखवून ट्रक चौथऱ्यावर घेतला, आकडा स्थिर होण्याची वाट पाहिली, पावती काढली, तिच्यावरचा आकडा स्क्रीनशी ताडून पाहिला, मग पुन्हा एकदा ताडून पाहिला, आणि ड्रायव्हरला दिली. मग परत येऊन त्याने कागद पहिल्या ओळीपासून वाचला.

"म्हणजे मी संध्याकाळी ती परत उघडली नव्हती?"

"नाही. माझ्याकडून आली तशीच तू पाठवलीस. मीच बघितली नव्हती. आणि तेव्हा सगळ्यांसमोर मी जे बोलले ते खरं नव्हतं."

ललितने मान हलवली. बराच वेळ तो त्या तीन वेळांकडे बघत होता. चार दहा, चार अठरा, चार बावीस.

"मला आठवायचंच नाही, मॅडम. किती आठवून पाहिलं. ऑफिसातून निघालो ते आठवायचं, जिन्यात समाधानभाऊ भेटले ते आठवायचं. फाईल उघडल्याचं आठवायचं नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणजे उघडली असणार." त्याने पावत्यांचा गठ्ठा सरळ केला. "नंतर पुण्याहून एक काम आलं होतं. चांगलं होतं. गेलो नाही. म्हटलं, आपण काय केलं ते आपल्यालाच आठवत नाही, असल्या माणसाने त्या कामात राहू नये. एखाद्याचं पोर मरायचं."

हेमांगीने पावती दोनदा ताडून पाहणारे त्याचे हात पाहिले होते. तिला वाटलं होतं, याने आपल्याला दोष दिला असेल, सहा वर्षं मनात शिव्या घातल्या असतील. तेवढं ती धरून चालली होती. त्याने दोष स्वतःला दिला होता, आणि तोही तिच्यावरच्या विश्वासाने. याची तयारी तिने केली नव्हती.

"माझं चुकलं, ललित," ती म्हणाली. "तेव्हाही चुकलं आणि नंतर रोज चुकत राहिलं."

 असू द्या असं तो म्हणाला नाही, की का केलंत असंही त्याने विचारलं नाही. ट्रस्टला कळलंय का, एवढंच त्याने विचारलं. अहवाल काल त्यांच्याकडे गेला, समाधानची सहीसुद्धा आहे, असं तिने सांगितलं. त्या नर्सबायांनाही सांगतील का, त्याने विचारलं, कारण त्यातली एक त्याच्या मामाच्या गावची होती आणि लग्नकार्यात समोरासमोर यायची. सांगायला लावीन, हेमांगी म्हणाली.

पुढचा ट्रक काट्याकडे वळला होता. ललितने कागदाची घडी केली, परत उलगडली. मग तो कागद घेऊनच खोलीबाहेर गेला, चौथऱ्याच्या कडेला उन्हात उभा राहिला आणि त्याने फोन लावला. पंख्याच्या आवाजातूनही हेमांगीला ऐकू आलं.

"मोहिनी? काही नही, बठ्ठं बरं शे. आयक. ती फाईल मी उघाडेल नव्हती."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"ती. साक्रीनी. मी उघाडेल नव्हती," तो पुन्हा म्हणाला, आणि मग नुसताच फोन कानाला लावून उभा राहिला.

सरकीने भरलेला ट्रक चौथऱ्यावर येऊन थांबला होता. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला, ललितकडे एकदा पाहिलं, हात काढून घेतला आणि इंजिन बंद केलं.